मस्टर

कालावलच्या खाडीत त्या दिवशी
सुकती साडेतीन तासच टिकली.
मुकादम म्हणाला, केळुसकरबाई,
तासाचा तुकडा नियमात धरत नाहीत.
तीन मांडतो.

भरती इली म्हणान वर इलंव,
सत्यभामा म्हणाली. काठी टेकवून
नखांतला गाळ काढत राहिली.

बांधावर पिवळ्या टोप्यांची पोरं पाय धूत होती.
गुडघाभर तोच चिखल, तीच तिवराची रोपं,
तांबोशीची पिल्लं मुळांत थारतील म्हणून.
त्यांच्या नावापुढे मजुरीची रेघ,
आणि एक वडापाव.

मगे तो अर्धो तास श्रमदानात घाला, ती म्हणाली,
आणि ती टोपी माका व्हयी.

सकाळी मुकादमाच्या पायरीवर
टोपीभर कालवं.
पाणी ठिबकत होतं मस्टरवर.

वाटो चाळीसाक.
अर्धो मोडून गावाचो नाय.