नियम आठवा

उत्तरायणाची सुट्टी संपली,
अर्धा वर्ग बोटांना पट्ट्या बांधून आला.
भिंतीवरचा जुना तक्ता ओलीनं पोपडे धरून गळलेला,
'शिस्त'मधला 'शि' तेवढा उरला होता.
म्हटलं, या वेळी नियम तुम्हीच करा,
आणि मोडला तर काय, तेही.

पहिली शिक्षा सुचली ती फाशी.
हेतल सुर्वेला. खोडरबर चोरणाऱ्यासाठी.
घासाघीस करत ती आणली
आठवडाभर फळा पुसण्यावर.

मग हात वर होत गेले.
दुसऱ्याच्या डब्यातला खाकरा विचारून खायचा.
खिडकीतून कापलेला पतंग दिसला
तरी बाकावर चढायचं नाही, ओरडायचं ते मनात.
गुजरातीत शिवी दिली तर माफी मराठीत.
मराठीत दिली तर...
इथे जिगर मोहिते अडला:
"मराठीत मला येतच नाही, बेन."

पंधरा वर्षं सांगते आहे, बाई म्हणा.
तो नियम कोणी मांडला नाही.
मीही नाही.

सातवा चिन्मयीचा: वर्गात कुणावर खेकसायचं नाही.
खेकसलं तर दहा मिनिटं कडुलिंबाखाली, एकट्यानं.
"बेननीपण?"
खडू माझ्याच हातात होता.
लिहिलं: सर्वांनी.

गुरुवारी, तेराच्या पाढ्याला, मी खेकसले.
आवाज माझाच, पण जुना,
छडी कपाटात गेली त्याच्या आधीचा.
जिगरचे ओठ तेरा सातवर उघडेच राहिले.
वर्ग चिडीचूप. मग मागच्या बाकावरून
एक बोट निघालं, नव्या तक्त्याकडे,
सातव्यावर जाऊन थांबलं.

कडुलिंबाखाली उभी राहिले.
वर फांदीत एक गुलाबी पतंग, शेपटीसकट.
रावपुऱ्याकडून रिक्षांचे हॉर्न.
आतून पाढा ऐकू येत होता
माझ्यावाचून, आणि बरोबर.

दहा झाली. बारा झाली.
आत कशावर तरी हशा पिकला.
लवजीभाई घंटेचा टोल पुसत जवळून गेले,
"कोणाची वाट बघता, बेन?"
काय सांगणार.
एकतीस मुलं मला विसरली होती.

तेव्हा विश्वजित शिर्के आठवला.
चौथी अ. असाच बाहेर काढला होता,
कशासाठी, ते आता देवालाच ठाऊक.
शाळा सुटली, मी भाजी घेऊन घरी गेले, कुकर लावला.
सहाला त्याचे वडील शोधत आले
तर तो याच खोडाला टेकून उभा,
परत ये म्हणून कुणी सांगितलं नव्हतं ना.

मंगळ बाजारात आता त्याचं दुकान आहे,
लेस, हुक, बटणं.
सुटे पैसे दोन्ही हातांनी देतो मला,
वर न बघता.

सतराव्या मिनिटाला जिगर धावत आला,
"बेन, सॉरी, आम्ही भूलून गेलो!"
भूलून नाही रे, विसरून, असं म्हणणार होते.
नाही म्हटलं.

आत जाऊन तक्त्यावर शेवटची ओळ लिहिली:
शिक्षा देणाऱ्यानं घड्याळाकडे बघत राहायचं.
अक्षर जरा तिरकं आलं.

"आणि मोडला तर, बेन?" हेतलनं विचारलं.
तिच्याकडे नक्कीच काहीतरी तयार होतं.

तो रकाना अजून कोरा आहे.
माझ्या पर्समध्ये बटणं आहेत, तीन डझन,
माझ्या एकाही ब्लाउजला न लागणारी.