ओष्ठ्यांत एकटा म

जैतूनला स्वतःचं नाव घेता येत नसे.
टाळ्याला जन्मापासून भोक,
ज तिथून निसटायचा, त निसटायचा,
नाकावाटे नुसता वारा.
उरायचं ते ‘ऐऊन’.
वर्ग फिदीफिदी. आयरेबाई हजेरी घेताना
तिच्या नावापाशी फक्त मान वर करत.

म्हणून चौथीच्या उन्हाळ्यात आम्ही भाषा केली,
मुसाकाजीच्या धक्क्याखाली,
ओहोटीला खांबांवरची कालवं उघडी पडतात तिथे.
नियम एकच: तिच्या तोंडात मावेल तेवढंच.

प फ ब भ पहिल्याच दिवशी गेले.
ट-ठची अख्खी ओळ गेली.
क सोडताना मी जरा रेंगाळले,
कारण माझं नाव कुंदा.
उंआ झाले. चालतंय, म्हटलं.
राहिले न ल य, कामापुरता र,
आणि ह. ह तर तिचा श्वासच.
अनुस्वार वेगळा द्यावा लागला नाही,
सगळी भाषाच अनुस्वारात होती.

एवढ्यावर भागेना.
मग घशात श्वास अडवून सोडायचा,
ठसका लागण्याच्या जरा अलीकडे:
ते आमचं पहिलं स्वतःचं व्यंजन.
बैल हाकताना गालात वाजवतात तो टकार.
आत ओढलेला आ म्हणजे नाही.
लं म्हणजे मासा,
लंऽऽऽ म्हणजे होडी बुडेल इतके.

शंभर पानी वहीत मी बाईंसारखे रकाने पाडले,
कंठ्य, तालव्य, दंत्य.
ओष्ठ्यच्या रकान्यात एकटा म बसला.
त्याला अर्थ द्यायचा राहूनच गेला.
कधी काही सांगायचं नसलं
की आम्ही तो म्हणायचो.
तिची आई बांगडे वाळत घालता घालता ओरडायची,
काय गो पोरींनो, झाडानं धरलं काय तुम्हाला?

सातवीत रत्नागिरीला शिबिर लागलं. टाळा शिवला.
पुढे वर्षभर कोणी एक ताई
तिच्या ओठांपुढे कागदाचा कपटा धरायच्या:
म्हण, प. कपटा हलायला हवा.
हलत नव्हता तोवर मी रोज चौकशीला जायची.
हलला त्या दिवशी मोहल्ल्यात साखर वाटली.
मलाही दिली. मी खाल्ली.
पण खरं सांगते, तोंड गोड असतानाच मनात आलं,
एवढ्याशा कपट्याबरोबर आमची भाषा उडाली.

नंतर ती त्यात कधी बोलली नाही.
मीही विषय काढला नाही.
ताप उतरल्यावर पेज कोण मागतं?

आता जैतून त्याच धक्क्यावर लिलाव पुकारते.
पाचशे! पाचशे पन्नास! पापलेट बघा, पापलेट!
एवढे प एका दमात,
जुनी थकबाकी व्याजासकट वसूल करावी तसे.
लिलाव हा शब्द मात्र आमच्याकडे
जवळजवळ जसाच्या तसा चालला असता.

परवा गर्दीत मागे उभी होते,
माहेरी आलेली, हातात नायलॉनची पिशवी.
सुरमईचा आकडा सातशेवर अडला,
आणि मला कळायच्या आत
माझ्या घशातून ते पहिलं व्यंजन निघालं,
पाठोपाठ आत ओढलेला आ.
शेजारचा म्हणाला, उचकी लागली काय बाई?

जैतून थांबली.
दम घ्यायला असेल, पहाटेपासून ओरडत होती.
वर बघितलं नाही.
हातातली काठी टोपलीवर टेकवली.
सातशे एक वार, म्हणाली.
सातशे दोन वार.
आणि तीन म्हणण्याआधी
ओठ मिटून, खूप वेळ,
म.

सुरमई कोल्हापूरच्या टेम्पोत गेली.
मी तिसऱ्यांचे दोन वाटे घेतले,
पैसे मोजून दिले,
सुट्टे तिनेच परत केले.