चिमटे

स्टुडिओत कोट एकच होता.
काळा, पाठीत उभा फाडलेला,
कोणाच्याही अंगाला बसावा म्हणून
मागून कपडे वाळवायचे चिमटे.
नेरपिंगळाईचे निम्मे नवरदेव
त्याच कोटात पसंत पडले.
मी म्हणायचो, मान जरा वर. हं. बस्स.
फोटोत पाठ येत नाही.

मग हळूहळू गिऱ्हाईक आटलं,
कॅमेरा गेला, शटर गंजलं.
आता वरुडच्या शेडमध्ये संत्री निवडतो,
मोठी इकडे, बारकी तिकडे,
तोंडाला दुपट्टा.
दुपट्टा धुळीसाठी नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात शेजारची पंचफुला
हात न थांबवता म्हणाली,
"काहून जी, तुमीच ना ते फोटूवाले?
माह्या बुढ्याले कोट घातला होता तुमी.
भिंतीवर हाये अजून.
त्यानं जलमभर कोट नाई पायला.
पन मान तशीच होती त्याची.
ते खरी होती."

आणि एक सडकं संत्रं
माझ्या ढिगातून उचलून फेकलं.
"ध्यान कुठी हाये तुमचं?"

दुपट्टा कधी सुटला, आठवत नाही.
क्रेट भरत राहिलो.
बोटांना सालीचा वास,
आणि पाठीला
काहीच टोचत नव्हतं.