विषय क्रमांक चार

इतिवृत्तात मी लिहिलं:
पणजी, मळ्यातल्या गटाराची पाहणी झाली,
काम समाधानकारक.
चहा, भजी, सह्या.

केरकर कंत्राटदारानं झाकण उचललं तेव्हा
खाली जांभ्या चिऱ्यांचा जुना नाला निघाला,
एकाही नकाशात नसलेला,
आणि तो चालू होता.

अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले, बुजवून टाका.
रिबेलोबाई काठावर बसल्या,
चपला काढून पाय आत सोडले.
"भरती लागलीय," म्हणाल्या,
"माझ्या भेगांना मीठ झोंबतंय."

कुणी बोललं नाही.
नदी तिथून दिसतसुद्धा नाही.

छापील फॉर्मात भरतीला रकाना नसतो.
शेऱ्यासमोर मी 'खारट' लिहिलं,
मग एकाच रेघेनं खोडलं,
वाचता येईल इतपत.

बाहेर केरकरांचा मिक्सर
फिरतच होता.