चावी

माझी चावी माझ्या छातीपर्यंत येते.
लोखंडाची, मुठीपाशी घासून घासून चकचकीत.
चेंबरात घालायची, बावीस आटे फिरवायचे,
की दत्त नगरच्या मागल्या पाच बोळांत
कुणीतरी ओरडतं, "नीळ्ळू वच्चिनय!"
मग घागरी, टिपाडं, मोटारींची घरघर,
विडीची सुपं उंबऱ्यावर तशीच.
पाच दिवसांतून एकदा, सकाळी सव्वासातला.
सव्वीस वर्षं.
पाइप कोण धरतं ते मी कधी बघितलं नव्हतं.
माझी मान खाली, आटे मोजत.

मग महापालिकेचं पत्रक आलं,
प्रभाग पोरांसाठी चांगला करायचा म्हणून.
समाजमंदिरात सतरंजी, बिस्किटांचे पुडे, खडूंचे डबे.
मला बोलावलेलं खुर्च्या लावायला.
शिवशरण मॅडम म्हणाल्या, आपली गल्ली काढा,
तिथं काय पाहिजे ते काढा.

घसरगुंड्या निघाल्या. झोके निघाले.
एकाने विमान काढलं, उतरायला जागा ठेवली नाही.
इरण्णाच्या पोराने नुसतं झाड काढलं
आणि खालची सावली काळ्या खडूने इतकी घोटली
की कागद फाटला.
मे महिना होता. कुणी त्याला हसलं नाही.

लावण्या बोम्मा, चौथीतली.
तिने मला काढलं.
तोंड नव्हतं. टोपी होती,
आणि चावी, विजेच्या खांबाहून उंच.
"हा कोण गं? राक्षस?"
"नाही. हा पाणी सोडतो.
अम्मा विड्या द्यायला जाते, नान्ना मागावर.
पाइप मी धरते.
याला सांगा ना, शाळा सुटल्यावर सोड म्हणावं."

मी खुर्च्या मोजत होतो.
पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

ऑफिसात म्हणाले, टाकी काय तुझ्या घरची आहे?
मॅडमनी तीन अर्ज लिहिले.
एक परत आला, एक हरवला,
तिसऱ्यावर कुणीतरी सही केली, बहुतेक न वाचता.
आता बोळ तीन, चार, पाच: संध्याकाळी साडेपाच.
पहिले दोन तसेच राहिले, त्यांची लाइन वेगळी.

गुंडेटी शेठ म्हणाला, त्या वेळेला माझे माग जोरात,
व्होल्टेज पडतं, पोरांचं कसलं कौतुक?
दोन नंबरवाले म्हणाले, आमची काय पोरं नाहीत?
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
एका म्हातारीने तेलुगूत शिव्या दिल्या,
कळल्या नसतील म्हणून परत मराठीत दिल्या.
मी आटे फिरवत राहिलो. अठरा, एकोणीस.

वर्षअखेरीला तक्ता निघाला, झालेली कामे:
घसरगुंडी, नग एक.
ती पत्र्याची. दुपारी तिच्यावर पापड भाजेल.
वेळ बदलल्याला तक्त्यात रकाना नव्हता.
मॅडमनी समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिलं,
मला दाखवलं नाही.

परवाच्या गुरुवारी चावी घेऊन पोचलो
तर लावण्या चेंबरवर उभी.
पाठीला दप्तर, एक रिबीन सुटलेली.
मला वाटलं काहीतरी बोलेल, बरं वाटेल असं.
"काका, याला झाकण नाही. बॉल आत जातो."
बघितलं तर खरंच नव्हतं.
कधी गेलं, कुणी विकलं, देव जाणे.
सव्वीस वर्षं मला ते भोक
चावीपुरतंच दिसत आलेलं.

पोटावर झोपलो. हात आत घातला.
दोन बॉल, एक चप्पल, कंपासपेटीचं झाकण.
"अजून एक आहे," ती म्हणाली, "लाल."
हात पुरेना.
चावी उलटी धरली, मुठीने चाचपडत राहिलो,
बोळातनं बायका ओरडायला लागल्या,
अहो पाणी! पाणी कधी?
ती वाकून सांगत होती, डावीकडे, अजून, अजून.

सात मिनिटं उशीर झाला.
रजिस्टरात कारणाच्या पुढे लिहिलं:
बॉल. लाल.