मुळावर

डोलोरेस व्रुबेल ब्रेडच्या पिशवीत घेवडा घेऊन येते.
मिशिगनच्या पंजातल्या अंगठ्यावरचं हे गाव, बॅड ॲक्स.
नाव मराठीत सांगितलं की आई फोनवर अजून हसते:
वाईट कुऱ्हाड, आणि त्यात तू.

सहा झाडं. पानं पिवळी, खालून वर.
उपटलीत, मी म्हणते, खणून आणायची होती.
उपटलं की पुरावा जमिनीतच राहतो,
केसाएवढी मुळं तुटून.
ती दुसऱ्या पिशवीतून अख्खं ढेकूळ काढते.
"हे शेजारच्या झाडाचं. तू बोलणार ठाऊक होतं."

नळ बारीक ठेवायचा.
माती आपणहून सुटू द्यायची.
खरवडलं तर प्रत्येक ओरखडा रोग वाटतो.

मग दिसतं.
सोटमुळावर विटकरी रेघा, उभ्या,
पेन चालतं का म्हणून कुणी ओढून पाहाव्यात तशा.
तिसऱ्याला जमिनीलगत खोलगट डाग,
कडेनं गंजलेला.
पाचव्याची साल चिमटीत धरली
तर बाहीसारखी निघून आली. आत नुसता दोरा.
एका रानातली झाडं, तीन जबान्या,
आणि फॉर्मवर चौकट एकच: कारण.

तुकडा घ्यायचा तो सीमेवरचा,
निरोगी संपतं आणि आजारी सुरू होतं तिथला.
पार कुजलेल्यात नंतर आलेले फुकटे असतात,
विचारायच्या आत नाव सांगतात.
ब्लीचमध्ये एक मिनिट. पाण्यात दोनदा.
टिपकागद, बटाट्याचं जेल, झाकण, तारीख.

ऋषीचं कूळ, नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
घेवड्याचं विचारायचे मला तासाला एकवीस डॉलर मिळतात.

पिथियम दुसऱ्याच दिवशी झाकणाला टेकला,
पिंजलेल्या कापसासारखा.
आपण त्याला बुरशी म्हणतो; तो बुरशी नाही,
शेवाळाचा लांबचा भाऊबंद,
किती वर्षं भलत्याच घराण्यात नोंदलेला.
रायझोक्टोनिया सावकाश आला,
धागा काटकोनात फुटलेला,
फाट्यापाशी कमरेत आवळलेला.
आणि फ्युझेरियमच्या होड्या,
भिंगाखाली शेकड्यांनी, कुठेही न निघालेल्या.

मी मूळ नक्षत्रातली.
सासऱ्याच्या मुळावर येणार म्हणून
निपाणीचं स्थळ चहा अर्धा टाकून उठलं.
दुसऱ्यांनी तर पत्रिका पोस्टानं परत केली,
तिकीट आमच्याकडून वसूल करून.

इथे नियम वेगळा आहे.
आजाऱ्यात सापडला म्हणून कुणी दोषी होत नाही.
त्याला एकटा वाढव. धडधाकट रोपाला दे.
ते तसंच आजारी पडतंय का बघ.
त्यातून पुन्हा तोच काढ.
मग नाव घे.
माझ्या बाबतीत कुणी एक कुंडीसुद्धा भरली नव्हती.

मी तेरा भरल्या.
एकट्या फ्युझेरियमनं रोपं जरा मलूल झाली, बस.
रायझोक्टोनियाचा डाग धरला आणि भरूनही आला.
एकटा पिथियम, पाणी बेताचं असेपर्यंत, गप्प.
पण तो आणि फ्युझेरियम एकत्र घातले,
माती मुठीनं दाबली, तुडुंब पाणी दिलं,
तर नऊ दिवसांत चारही रोपं आडवी.
तेराव्या कुंडीत काहीच घातलं नव्हतं.
तिला ऑगस्टात पांढरं फूल आलं. मी तेही नोंदलं.

"नाव सांग," डोलोरेस फोनवर.
दोन आहेत, मी म्हणते. आणि एक विचारायचंय.
मे महिन्यात ओल्या रानात ट्रॅक्टर कुणी घातला?

पलीकडे फ्रिजची घरघर ऐकू येते.
"मीच," ती म्हणते. "क्लेरेन्स नको म्हणत होता."
मग थोड्या वेळानं: "लिही तसं."

चौकट लहान आहे.
दोन नावांतच भरून गेली.
ट्रॅक्टर मी समासात लिहिते, आडवा,
कागद फिरवून.