काउंट

दुखणं जांघेत होतं,
म्हणून चार महिने कुणाला सांगितलं नाही.
कंबर म्हटलं की लोक तेल सुचवतात,
गुडघा म्हटलं की आपापला गुडघा दाखवतात,
जांघ म्हटलं की विषय बदलतात.

एक दिवस चप्पल घालायला पाय वर येईना.
अनसूयानं मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला ठेवलं,
खाली बसून माझ्या पायात चप्पल सरकवली,
पोराला शाळेत धाडताना सरकवायची तशी.
तिथंच सगळं सांगून टाकलं.

फोटोत खुबा दिसला.
गोळा, वाटी,
मधली फट जवळजवळ नाहीच.
बत्तीस वर्षं मागावर उभा होतो कन्ना चौकाच्या मागं,
नुसत्या आवाजावरून ओळखायचो
कुठल्या मागाचा बुश गेलाय.
हा गेला तेव्हा काही ऐकू आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, बदलता येतो, पण घाई नाही.
मी म्हणालो, मग अजून चालवू.

व्यायाम शिकवायला पोरगी येते स्कूटीवरून,
इप्पलपल्लींची श्रावणी.
पहिल्याच दिवशी तिनं विचारलं,
"एक ते दहात किती दुखतं, मामा?"
मी म्हणालो, सहा काउंट.
तिनं वहीत सहा लिहिलं.

आता सकाळ अशी:
बादलीत कढत पाणी, पाण्यात टॉवेल.
टॉवेल माझ्याच मागावरचा, तीन तारा सुटलेला.
मालकानं सेकंडमध्ये काढला होता,
हप्त्यातून पैसे कापले
आणि टॉवेल माझ्याच अंगावर टाकला होता.
तो पिळून खुब्यावर धरतो.
जिथं तारा सुटल्यात तिथूनही
ऊब तेवढीच येते.

एप्रिलात पत्रा बेचाळीसवर तापलेला,
त्यात मी शेक घेत बसलेला.
शेजारचा नरसय्या दारातून बघतो, हसतो,
"सोलापुरात शेकायला पाणी कशाला तापवतो बे?"

मग पाठीवर पडून गुडघे दुमडायचे, कंबर उचलायची,
दहा वेळा.
मोजते अनसूया, तेलुगूत,
हात पानावर, नजर माझ्यावर.
पण तिच्या बोटांना पंचवीसची सवय,
पंचवीस झाल्या की दोरा, की झाला कट्टा.
दहाला थांबतच नाही.
बाराव्याला मी ओरडतो.

खुर्चीखाली दोन विटा.
भाकरी तीनाच्या दोन, शेंगाचटणीवर तेल नाही.
लग्नाच्या पंगतीत खाली बसत नाही,
टेबलावर बसतो, व्याह्यांच्या रांगेत.
माझा मान वाढला असं त्यांना वाटतं.

काठीचं मात्र पटत नव्हतं.
दुखतो उजवा, काठी डाव्या हातात?
तीन दिवस श्रावणी गेली की हात बदलायचो.
चौथ्या दिवशी डावीकडंच राहू दिली,
टाकीपर्यंत गेलो,
आणि वाटेत धोटा आठवला.
उजवीकडून मारला तरी
त्याला थांबवणारी पेटी डावीकडं असते.
"मेल्लगा, मेल्लगा," अनसूया मागून म्हणत होती.
हळूच चाललो होतो की.

काही रात्री तरीही कूस बदलताना
असा खेचतो आत,
की टॉवेल, विटा, काठी, सगळं खोटं वाटतं.
सकाळी परत बादली भरतो.

दीड महिन्यानं श्रावणीनं वही उघडली,
"आता किती, मामा?"
मी म्हणालो, वीस.
तिचं पेन थांबलं. चेहरा उतरला.
मग तिला समजावून सांगितलं,
अगं, काउंट वाढला की सूत बारीक होतं.
सहाचं जाड, चादरीतलं.
वीसचं बोटावर घेतलं तर रुततं, पण कापत नाही.
चाळीसचं झालं की मी तक्रार करणार नाही,
तुटायचं तर माझं मागणंच नाही.

ती हसली, काहीतरी लिहिलं.
आत पान कातरण्याचा आवाज थांबला.
सुपावरून मान वर न करता अनसूया म्हणाली,
"तिला म्हणावं, जाताना माझ्या मानेचा काउंट पण
लिहून घे."

श्रावणीनं स्कूटीची किल्ली परत खिशात ठेवली.
मी खुर्ची दिली,
विटांसकट.